सोमवारची उदासी : आकाशातून उतरलेला माणूस घरी केव्हा पोचतो?

(साहसी खेळ आणि मन या विषयावरच्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)



विषय वाचून काही जणांना वाटलं असेल, की हे जरा श्रीमंती दुखणं आहे. शनिवार-रविवार विमानातून उड्या मारायच्या, सोमवारी उदास व्हायचं, आणि वर त्यावर व्याख्यान द्यायचं! माझ्या आईचंही हेच मत. ती म्हणाली, "उडी मारू नकोस, म्हणजे उदासही होणार नाहीस." उत्तर बिनतोड आहे. पण विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी रिकामं मखर बघून ज्याच्या पोटात कालवलंय, लग्नाचे पाहुणे गेल्यावर सामसूम झालेल्या घरात जो एकटाच चहा पीत बसलाय, त्याला मी काय म्हणतोय ते कळेल. स्कायडायव्हिंगमध्ये हीच गोष्ट जास्त ठळक दिसते, आणि ती मी स्वतः भोगलीय, म्हणून तिच्यावरून बोलतो.

एक आधीच सांगतो. मी मानसोपचारतज्ज्ञ नाही. मी इंजिनिअर आहे, उड्या मारल्यात, एकदा पाय मोडून घेतलाय आणि त्यानंतर या विषयावर वाचलंय. तेवढ्याच अधिकारानं बोलतोय.

दहा मिनिटांचा हिशेब

मी काही वर्षं कॅलिफोर्नियात अर्व्हाइनला नोकरीला होतो. तिथून गाडीनं साधारण तासाभरावर पेरिस नावाचं गाव आहे. पॅरिस नव्हे, पेरिस. कोरडा मुलूख, तपकिरी डोंगर आणि एक लहानसा विमानतळ. तिथे स्कायडायव्हिंग चालतं. अशा ठिकाणाला ड्रॉपझोन म्हणतात.

पुण्याच्या शीतल महाजन यांनी २०१८ साली थायलंडमध्ये नऊवारी नेसून उडी मारली, ते फोटो तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिले असतील. त्यामुळे उडीचं वर्णन फार करत नाही. हिशेब तेवढा सांगतो. विमान साधारण साडेबारा हजार फुटांवर जातं. तिथून बाहेर पडल्यापासून पॅराशूट उघडेपर्यंत जेमतेम एक मिनिट. पडण्याचा वेग ताशी १९० किलोमीटरच्या आसपास. मग पाचेक मिनिटं पॅराशूटखाली. दिवसाला पाच उड्या धरल्या तर दोन दिवसांत दहा. म्हणजे सगळ्या शनिवार-रविवारात प्रत्यक्ष पडणं किती? दहा मिनिटं!

बाकीचा वेळ कुठे जातो? पॅराशूटची घडी घालण्यात, वारा पडायची वाट बघण्यात, पुढच्या उडीची जमिनीवर तालीम करण्यात, एकमेकांचे पट्टे तपासण्यात आणि गप्पांत. हा हिशेब लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता सोमवार. नऊ वाजताची मीटिंग. समोर कुणीतरी तक्ता दाखवतंय आणि माझ्या डोक्यात एकच प्रश्न, की ही माणसं एवढ्या गंभीरपणे कशाबद्दल बोलतायत? जेवणाला चव नाही. कालचा व्हिडिओ सातव्यांदा बघायचा. पुढच्या शनिवारचं हवामान सोमवारीच तपासायचं. आणि घरी गेल्यावर क्षुल्लक गोष्टीवरून चिडचिड. माझी बायको एकदा शांतपणे म्हणाली, "रविवारी रात्री तू येतोस, पण बुधवारपर्यंत पोचत नाहीस." मला तेव्हा राग आला. कारण ते खरं होतं.

अॅड्रिनलिनवर खापर

याचं नेहमीचं स्पष्टीकरण असं, की "अॅड्रिनलिन उतरलं". ऐकायला बरं वाटतं, पण ते पुरेसं नाही. अॅड्रिनलिन रक्तात फार वेळ टिकतच नाही. काही मिनिटांत त्याचं प्रमाण निम्म्यावर येतं. रविवारी दुपारी चारला मारलेल्या उडीचं अॅड्रिनलिन सोमवारी सकाळी 'उतरत' नसतं. ते रविवारी चहाच्या आतच उतरलेलं असतं.

मग सोमवारी काय होतं? माझ्या मते तीन गोष्टी एकावर एक येतात.

पहिली अगदी साधी. दोन दिवस उन्हात, पाणी कमी, जेवण वेळी-अवेळी, रात्री शेकोटीभोवती जागरण, बहुतेकांची बिअर, आणि रविवारी रात्री गाडी चालवत घरी. असा शनिवार-रविवार तुम्ही नुसता खुर्चीवर बसून काढलात तरी सोमवारी मरगळ येईलच. आपण तिला 'आयुष्यात अर्थ उरला नाही' असं मोठं नाव देतो. खरं तर निम्मी ती झोप असते.

दुसरी गोष्ट मनाच्या घडणीची. रिचर्ड सॉलोमन आणि जॉन कॉर्बिट या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली एक सिद्धांत मांडला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : मनात एखादी तीव्र भावना उसळली, की तिला आवरण्यासाठी उलट दिशेची भावना हळूहळू उभी राहते. पहिली चटकन येते आणि कारण संपलं की चटकन जाते. दुसरी उशिरा येते आणि रेंगाळते. आणि अनुभव जितक्या वेळा घ्याल तितकी ही दुसरी बळकट होत जाते. गंमत म्हणजे त्यांनी दिलेल्या उदाहरणांत पॅराशूटनं उडी मारणारेही आहेत. नवखा माणूस उडी मारताना भेदरलेला असतो, उतरल्यावर क्षणभर सुन्न असतो, आणि मग एकदम बडबडायला, हसायला लागतो. पुष्कळ उड्या झालेल्याची भीती कमी होते, आणि उतरल्यावरचा आनंद मात्र जास्त वेळ टिकतो.

म्हणजे त्यांच्या हिशेबात उडीनंतरचा आनंद हीच भीतीची उलटी लाट आहे. सोमवारच्या उदासीबद्दल हे उदाहरण थेट काही सांगत नाही. मी त्यातून घेतो ते एवढंच, की मनाचा झोपाळा मध्यावर येऊन टपकन थांबत नाही. तो पलीकडे जातो, परत येतो आणि मग हळूहळू स्थिरावतो. पलीकडे गेलेल्या झोपाळ्याला मोडला म्हणायचं नसतं.

इथे एक सावधगिरीची गोष्ट. २००६ साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी स्कायडायव्हर आणि वल्हवण्याचा खेळ खेळणारे यांची तुलना केली. रोजच्या साध्या गोष्टींतून आनंद न वाटण्याचं प्रमाण स्कायडायव्हरांमध्ये जास्त दिसलं. आता उड्यांमुळे साध्या गोष्टी फिक्या झाल्या, की ज्यांना त्या आधीपासूनच फिक्या वाटत होत्या ते उड्यांकडे वळले, हे एका तुलनेवरून ठरवता येत नाही. पण प्रश्न स्वतःला विचारण्यासारखा आहे. सकाळचा चहा, मुलाची शाळेतली गोष्ट, पहिला पाऊस. यातलं काही अजून आपल्यापर्यंत पोचतंय का?

संपलं ते नेमकं काय?

तिसरी गोष्ट माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोठी. मघाचा हिशेब आठवा : पडणं दहा मिनिटं. मग सोमवारी मी एवढा रिकामा झालो, तो फक्त त्या दहा मिनिटांसाठी का?

विमानात बसल्यावर शेजारचा माणूस तुमचे पट्टे तपासतो. छातीवरचा, मांड्यांवरचे दोन्ही, मग पाठीवरची पिन. तुम्ही त्याचे तपासता. त्याचं आडनावही तुम्हाला ठाऊक नसतं, पण त्या क्षणी तुमच्या जिवाकडे त्याचं पूर्ण लक्ष असतं. खाली उतरलात की कुणीतरी हमखास विचारतं, "कशी झाली?" आणि उत्तर ऐकायला थांबतं. सोमवारी ऑफिसात "वीकएंड कसा गेला?" असं विचारणारा माणूस उत्तर येईपर्यंत लिफ्टमध्ये शिरलेला असतो.

सोबत संपते. कुणाला तरी आपली गरज होती, ते संपतं. दोन दिवस मन एकाच जागी होतं, ते परत बारा ठिकाणी विखुरतं. ही भूक आकाशाची नाही. आणि जी भूक आकाशाची नाही, तिच्यावर आणखी उंच उडी मारून उपाय होत नाही. हे मला उशिरा कळलं.

शेवटचं विमान

कसं कळलं ते सांगतो. एका रविवारी माझ्या चार उड्या झाल्या होत्या. दमलो होतो. सूर्यास्ताच्या सुमारास दिवसातलं शेवटचं विमान जातं. मित्र म्हणाला, "आज पुरे." मला मात्र सोमवार दिसायला लागला होता. खरं सांगतो, मला ती उडी नको होती. मला रविवार संपायला नको होता. मी गेलो.

पॅराशूट छान उघडलं. सगळं ठीक होतं. उतरताना सूर्य डोळ्यांत, लक्ष भलतीकडे. जमिनीजवळ आल्यावर ब्रेकच्या दोन्ही दोऱ्या नेमक्या वेळी खाली ओढायच्या असतात, म्हणजे वेग कमी होतो. मी उशिरा ओढल्या. डावा घोटा मोडला. चूक सर्वस्वी माझी.

या खेळातल्या पुष्कळ अपघातांत पॅराशूट व्यवस्थित उघडलेलं असतं. माणूस चुकतो तो उतरताना. म्हणून उतरण्याची शिस्त शिकवतात. साधारण हजार फुटांपासून ठरलेला मार्ग : आधी वाऱ्याच्या दिशेनं, मग आडवं, मग वाऱ्याला तोंड करून. मला ही शिस्त पाठ होती. पण रविवारी संध्याकाळी गाडीत बसल्यापासून सोमवारच्या खुर्चीपर्यंत उतरण्याची काही शिस्त असते, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. सहा आठवडे प्लास्टरमध्ये घरी बसलो तेव्हा ती बसवली. तीच आता सांगतो.

उतरण्याची शिस्त

शेवटची उडी कोणती, हे सकाळी ठरवायचं. संध्याकाळी ठरवायला बसलात तर निर्णय सोमवारची भीती घेते.

रविवारी रात्री पाणी, साधं गरम जेवण आणि झोप. वरणभातासारखं औषध नाही. दारूनं ही पोकळी भरू नका. सोमवारी ती आणखी खोल होते.

झोपण्यापूर्वी नोंदवही. प्रत्येक उडीची नोंद करायची पद्धत असतेच. त्यात उंची आणि वेळेखाली दोन ओळी जास्त लिहा. काय जमलं, काय चुकलं. व्हिडिओ सात वेळा बघण्यापेक्षा एकदा लिहिणं बरं. लिहिलं की मनाला वाटतं, ठेवलं जपून, आता हरवणार नाही.

सोमवारी आणि मंगळवारी मोठा निर्णय घ्यायचा नाही. मी एका सोमवारी राजीनाम्याचं पत्र लिहून ठेवलं होतं. बुधवारी वाचलं तेव्हा मलाच हसू आलं. कदाचित तुमची नोकरी खरंच वाईट असेल. तसं असेल तर ती गुरुवारीही वाईट वाटेल. तेव्हा ठरवा.

सकाळी उन्हात अर्धा तास चाला. हातानं करायचं, पूर्ण होणारं एखादं लहान काम घ्या : सायकल पुसणं, माळा आवरणं, भाजी चिरणं.

त्या दोन दिवसांतल्या एखाद्या सोबत्याला फोन करा. ग्रुपवर अंगठा टाकणं वेगळं, आवाज ऐकणं वेगळं. आणि आठवड्याच्या मधल्या एका संध्याकाळी असं काहीतरी ठेवा, जिथे लोक तुमची वाट बघतात. भजनी मंडळ असो, बॅडमिंटन असो, शेजारच्या मुलाला गणित शिकवणं असो.

शेवटचं म्हणजे, पुढची उडी गोळीसारखी घेऊ नका. ती मजा म्हणून मारायची आहे की दुखणं थांबवायला, हे दर वेळी स्वतःला विचारा. उत्तर दुसरं असेल तर एक आठवडा जाऊ द्या.

जिथे थांबायचंच

ही उदासी दोन-चार दिवसांत ओसरते. ती दोन आठवडे टिकली, बहुतेक दिवस मन खचलेलं राहिलं, झोप-भूक बिघडली, कशातच राम वाटेना, तर ती उडीनंतरची मरगळ समजून अंगावर काढू नका. डॉक्टरकडे जा. भारतात १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी क्रमांक आहे; तिथे मराठीतही बोलता येतं. आणि 'पॅराशूट नाही उघडलं तर काय बिघडलं' असा विचार एकदा जरी मनात आला, तर त्या दिवशी विमानात चढायचं नाही. प्रशिक्षकाला सांगायचं, घरी सांगायचं. यात कमीपणा कसलाच नाही.

श्रोत्यांचा एक प्रश्न

प्रश्न आला आहे : "माझा मुलगा असाच परततो आणि दोन दिवस बोलत नाही. आम्ही काय करावं?"

ताई, त्याला "एवढं काय त्यात" म्हणू नका, आणि लगेच पुढच्या वेळी जाऊ नकोस असंही म्हणू नका. जेवायला वाढा आणि विचारा, "कशी झाली?" मग उत्तर येईपर्यंत थांबा. कंटाळा आला तरी थांबा. माझ्या बायकोनं त्या सहा आठवड्यांत तेच केलं. तिला विमानातलं काही कळत नव्हतं, तरी तिनं मला प्रत्येक उडीबद्दल विचारलं. मग मीही तिला तिच्या आठवड्याबद्दल विचारायला लागलो. कितीतरी गोष्टी मला ठाऊकच नव्हत्या.

मी अजून उड्या मारतो, पूर्वीपेक्षा कमी. सोमवार अजूनही जरा फिका असतो. पण आता मंगळवारी संध्याकाळपर्यंत मी घरी पोचतो. बुधवारपासून मंगळवारपर्यंत आलोय, एवढी प्रगती आहे.