पायाच्या बंद धमनीसाठी लेझर अँजिओप्लास्टी : कोणाला गरज असते?

सुकापूरच्या माझ्या दवाखान्यात ही तक्रार नेहमीची आहे: "डॉक्टर, माथेरान रोडवर थोडं चाललं की पोटरी भरून येते. दोन मिनिटं थांबलं की बरं वाटतं." घरचे म्हणतात, वय झालं, तेल चोळा. पण चालताना येणारी आणि उभं राहिल्यावर जाणारी वेदना पायाची धमनी अरुंद झाल्याचं लक्षण असू शकते. मधुमेह आणि तंबाखू (विडी, सिगारेट) ही त्याची मोठी कारणं.

तपासणी सोपी आहे. घोट्याचं रक्तदाब दंडाच्या रक्तदाबाच्या ०.९ पटीपेक्षा कमी असेल, तर अडथळा आहे असं समजतात. मधुमेहात धमन्या कडक झाल्यामुळे हा आकडा फसवा असू शकतो, म्हणून डॉपलरही करावा.

अँजिओप्लास्टी म्हटलं की हृदय आठवतं. पण १९६४ मध्ये अमेरिकेत डॉ. चार्ल्स डॉटर यांनी केलेली पहिली अँजिओप्लास्टी पायाचीच होती. लेझर पद्धतीत बहुधा जांघेतून बारीक तार आणि कॅथेटर आत नेतात. कॅथेटरच्या टोकातून ३०८ नॅनोमीटरच्या अतिनील किरणांचे झटके सोडून साचलेला थर व गुठळी यांचे अतिसूक्ष्म कण केले जातात. लेझर फक्त वाट करून देतो. त्यानंतर फुगा बहुतेक वेळा वापरावाच लागतो.

पूर्ण बंद झालेली लांब धमनी, जुन्या स्टेंटमध्ये पुन्हा झालेला अडथळा, अशा ठिकाणी लेझर उपयोगी पडतो. अनेकांना साधा फुगा पुरतो. त्यामुळे "माझ्या बाबतीत लेझरच का?" हे जरूर विचारा, खर्चही विचारा. धमनीला छिद्र पडणं, कण पुढे जाऊन अडकणं, जांघेत रक्तस्राव हे धोके आहेत. डायमुळे किडनीवर ताण येतो. मेटफॉर्मिन घेत असाल तर आधी सांगा.

फक्त चालताना दुखत असेल तर आधी तंबाखू बंद, गोळ्या नियमित, आणि आठवड्यातून किमान तीन वेळा ३० ते ४५ मिनिटं चालणं, निदान १२ आठवडे. दुखलं की थांबायचं, पुन्हा चालायचं.

रात्री झोपेत पाय दुखणं, न भरणारी जखम, काळं पडलेलं बोट असेल तर मात्र थांबू नका. बोट कापायचा सल्ला मिळाला, तर आधी रक्तपुरवठा तपासला का, हे विचारा. पाय अचानक थंड, पांढरा, बधिर झाला तर त्याच तासाला रुग्णालय गाठा. शेक देऊ नका. बधिर पायाला भाजलेलंही कळत नाही.