कुलूप लावण्याआधी घर वाळवा

दसरा झाला की कंधार, मुखेड, जळकोट, अहमदपूर या भागातल्या वाड्या-तांड्यांवर दारांना कुलपं लागतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, कोयत्यावर जावंच लागतं. पुढे पाच-सहा महिने घर बंद. परत येऊन दार उघडलं की आधी कुबट वास येतो. मग दिसतात काळे ठिपके पडलेल्या वाकळी, फुगलेली पेटी, उधई लागलेली चौकट. आपण म्हणतो, घर बंद होतं म्हणून असं झालं. पण खरं कारण वेगळं आहे. आपण कुलूप लावतो तेच ओल्या घराला.

आपल्याकडे सप्टेंबरात परतीचा पाऊस चांगलाच झोडपतो. मातीच्या भिंती, जमीन, लाकूड सगळं पाणी पिऊन बसलेलं असतं. घरात माणसं असली की दारं उघडतात, चूल पेटते, वारा खेळतो, ओल हळूहळू निघून जाते. कुलूप लागलं की ती आतच कोंडते. दिवसा घर तापतं आणि ओल हवेत येते. थंडीच्या रात्री पत्रा गार पडतो आणि तीच ओल त्याला थेंब होऊन लागते. पत्र्याला घाम सुटतो म्हणतात तो हाच. छत गळत नसतानाही खालची वाकळ भिजते.

म्हणून निघण्याआधीचे आठ दिवस महत्त्वाचे. उन्हाच्या दिवशी समोरासमोरची दारं-खिडक्या उघडा. पाऊस किंवा धुकं असेल तेव्हा मात्र बंद ठेवा. ओल कुठून येते ते पाहायचं असेल, तर हातभर प्लास्टिकचा कागद जमिनीवर चारी कडांनी चिकटवून दिवसभर ठेवा. कागदाच्या खालून थेंब आले तर ओल जमिनीतून येते, वरून आले तर हवेत आहे. दुसरी खूण मिठाची. वाटीत कोरडं मीठ ठेवा. सकाळी त्याला पाणी सुटलं तर हवा फार दमट आहे. मीठ ही फक्त खूण आहे, त्यानं घर वाळत नाही.

कुलूप लावलं तरी वारा अडवू नका. एका भिंतीला खाली आणि समोरच्या भिंतीला वर झरोका राहू द्या. त्यांना बारीक जाळी मारा, म्हणजे उंदीर-साप येणार नाहीत. कोकणात पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून वरून शाकारतात. लाकडावर पाऊस नको, पण त्याला वारा हवा, हे तिथल्या लोकांना पक्कं ठाऊक आहे. आपल्या घरालाही हाच नियम.

पेटी, कपाट भिंतीपासून वीतभर लांब आणि विटांवर उचलून ठेवा. वाकळी उन्हात वाळवा, गार होऊ द्या, मगच घडी घाला. गरम कपडे पेटीत कोंडले तर आतून घामेजतात.

धान्याचं मात्र उलटं आहे. घराला वारा हवा, धान्याला घट्ट झाकण. ज्वारीचा दाणा दाताखाली कट्‌कन फुटला तरच तो कोठीत भरा. धान्यात टाकायच्या विषारी गोळ्या बंद घरात ठेवून जाऊ नका. ओल लागली की त्यातून जीवघेणा वायू सुटतो. रेशन कार्ड, बँकेचं पुस्तक घरात ठेवूच नका, सोबत न्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ज्यांचं घर माळवदाचं आहे त्यांनी हे नीट ऐका. लाकूड सतत ओलं राहिलं की त्याला बुरशी लागते आणि ते आतून पोकळ होतं. वरून रंग तसाच दिसतो. त्या तुळईवर मातीचं मोठं वजन असतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंपात दगड-मातीची जड घरंच माणसांवर कोसळली, हे आपण विसरलो नाही. म्हणून परत आल्यावर लेकरांना लगेच आत झोपवू नका. आधी दारं उघडा. मग तुळई आणि खांब जिथे भिंतीत शिरतात तिथे खिळा टोचून पाहा. खिळा सहज आत गेला तर त्या खोलीत राहू नका, गवंड्याला दाखवा.

शेवटी गटासाठी एक काम. जाणाऱ्या बाईनं किल्ली गावात राहणाऱ्या मैत्रिणीकडे द्यावी. तिनं पंधरा दिवसांतून एकदा, कोरड्या दिवशी दुपारी दोन तास दार उघडावं. अवकाळी पाऊस पडला तर छतावर नजर टाकावी. यंदाच्या बैठकीत कुणाची किल्ली कुणाकडे, हे वहीत लिहून घ्या. आम्ही आमच्या गटात हे सुरू केलंय. पहिल्या वर्षी परतलेल्या एका ताई दार उघडून म्हणाल्या, "अगं, वासच येत नाही की!"