मुठींतला कॅमेरा आणि घरचा रोजचा दिवस

एखादें यंत्र ज्या हेतूनें जन्मास येतें त्याच हेतूंत तें अखेरपर्यंत बांधलेलें राहतें असें नाहीं. ज्यास ‘अॅक्शन कॅमेरा’ म्हणतात तो मुठींत मावणारा कॅमेरा मूळचा समुद्राच्या लाटांवर फळी घेऊन खेळणाऱ्यांचा. तो खेळ जवळून टिपतां यावा म्हणून कॅमेरा मनगटास बांधण्याची कल्पना २००२ सालीं निक वुडमन या अमेरिकन तरुणास सुचली, आणि २००४ मध्यें त्याच्या ‘गोप्रो’चा पहिला कॅमेरा निघाला. तो ३५ मिलिमीटर फिल्मवर चालत असे. पुढें हीं यंत्रें डिजिटल झालीं आणि साहसी लोकांचीं लाडकीं ठरलीं. कड्यावरून उडी न मारणाऱ्या गृहस्थास त्यांचा काय उपयोग, असें वाचक विचारतील. आमच्या मतें त्यांचा खरा उपयोग घरांतच आहे.

महाराष्ट्राच्या चलच्चित्रांचा आरंभही अशाच साध्या विषयांनीं झाला. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनीं १८९९ मध्यें मुंबईच्या हँगिंग गार्डन येथील कुस्ती टिपली. दादासाहेब फाळके यांनीं तर ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर येण्यापूर्वीं, १९१२ च्या सुमारास, वाटाण्याच्या रोपाची वाढ थोड्या थोड्या अंतरानें टिपून काढली. तीच युक्ति आज या लहान कॅमेऱ्यांत एका कळीनें साधते.

अशा चित्रांचें मोल कोणास विशेष कळावें, तर तें मुरुमच्या परिसरांतील लोकांस. धाराशिव जिल्ह्याच्या उमरगा तालुक्यांत, कर्नाटकाच्या सीमेजवळ हें गांव आहे. येथून फार दूर नसलेल्या किल्लारीच्या भागांत ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटे भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाचें जड छप्पर निजलेल्या माणसांवर कोसळलें. हजारों जीव गेले. उमरगा तालुक्यासही त्याची मोठी झळ पोहोंचली. कित्येक गांवें नव्या जागीं वसलीं, आणि जुनी ओसरी कशी होती, आजी कोणत्या खांबाशीं बसून सुपारी कातरीत असे, हें नातवंडांस दाखवावयास बहुतेकांपाशीं एकही हलतें चित्र उरलें नाहीं. आज तें साधन हातांत आहे. मग तें लग्नामुंजीपुरतेंच कां वापरावें?

मोबाईल असतांना हा निराळा कॅमेरा कशाला, ही शंका रास्त आहे. मंद उजेडांत व अगदीं जवळून चित्र घेण्यांत मोबाईल पुष्कळदा सरस ठरतो. परंतु या कॅमेऱ्यास पिठाचे हात लागले तरी चालतें, बहुतेक नवे कॅमेरे पाण्यानें बिघडत नाहींत, आणि मध्येंच कोणाचा फोन येऊन चित्रण खंडित होत नाहीं. शिवाय एवढीशी वस्तु समोर असली तर घरचीं माणसें बुजत नाहींत.

आतां हाताळणीविषयीं. हाताचा कंप कॅमेरा पुष्कळसा स्वतःच सावरतो. आंतील गतिमापक तो कंप मोजतो आणि चित्राची चौफेर थोडी कड कापून उरलेला भाग उलट दिशेस सरकवतो. म्हणून महत्त्वाची वस्तु कडेला ठेवूं नये. माजघरांतील अंधुक उजेडांत मात्र ही योजना थिटी पडते. तेथें प्रत्येक चौकटीस अधिक वेळ प्रकाश घ्यावा लागतो. तेवढ्यांत हात हलला कीं पुसटपणा चौकटींतच उमटतो, आणि तो मागाहून निघत नाहीं. अशा वेळीं दारा-खिडकीजवळ बसवून, कोपर अंगाशीं टेकवून, मनांत दहा अंक मोजेपर्यंत कॅमेरा स्थिर धरावा. आपली वीज सेकंदास ५० आवर्तनांची असल्यामुळें सेकंदास २५ किंवा ५० चौकटी ठेवाव्यात, नाहींतर दिव्याखालीं चित्र लुकलुकण्याचा संभव असतो.

या कॅमेऱ्याची दृष्टि फार रुंद असते. दूरचें माणूस मुंगीएवढें दिसतें आणि नाकासमोर धरल्यास नाकच मोठें दिसतें. यास्तव दीड-दोन हातांवर बसावें. त्या अंतरावर आवाजही चांगला येतो. पंखा मात्र बंद करावा. सीमेवरच्या आजीबाईंच्या मराठींत कानडी शब्द सहज मिसळलेले असतात. त्या बोलीची ही नोंद चित्राइतकीच मोलाची.

उजेड मुबलक असा एक सण या भागांत आहेच. वेळ अमावास्येस, म्हणजे इकडच्या येळवसेस, सारें कुटुंब शेतांत जातें. कडब्याची खोप, तिच्यांतील पूजा, भज्जी आणि आंबील हें सगळें उघड्या उन्हांत चालतें. शेतांत वारा असला तर वाऱ्याकडे पाठ करून माईक आडोशाला ठेवावा. वैशाखांत मात्र हें चिमुकलें यंत्र तापून बंद पडूं शकतें. तेव्हां तुकडे लहान घ्यावेत.

एक पथ्य अवश्य पाळावें. घरांतील वडील माणसांस व स्त्रियांस विचारल्यावांचून चित्रण करूं नये, आणि घरासाठीं घेतलेलें चित्र परक्यांस पाठवूं नये. आजारपण, भांडण, अश्रु यांवर कॅमेरा रोखणें सभ्यपणाचें नाहीं.

शेवटीं जतनाची गोष्ट. सेकंदास १०० मेगाबिट या दर्जानें तासाला ४५ गिगाबाइट जागा लागते. ६४ गिगाबाइटचें कार्ड दीड तासाच्या आंतच भरतें. सर्वच ठेवूं म्हणाल तर कांहींच पाहिलें जाणार नाहीं. दर महिन्यास पंधरा-वीस मिनिटें निवडावीं, प्रत्येक तुकड्यास तारीख व माणसांचीं नांवें द्यावींत, आणि दोन प्रती कराव्यात. त्यांपैकीं एक दुसऱ्या गांवीं, लेकीकडे किंवा धाकट्या भावाकडे असावी. एका छपराखालीं सर्व ठेवा ठेवण्याचा धोका या जिल्ह्यास निराळा सांगावयास नको.

घरांतल्या सर्वांत वृद्ध व्यक्तीपासून आरंभ करावा. त्यांना कांहीं विशेष करावयास सांगूं नये. त्या रोज जें करतात तेंच दहा मिनिटें करूं द्यावें.