निळी पडलेली पानं आणि कांद्याच्या सालीचा पिवळा

युरोपातल्या संग्रहालयांत पंधराव्या-सोळाव्या शतकातले, भिंतीवर टांगायचे विणलेले चित्रपडदे आहेत. त्यांतल्या झाडांची पानं बरेचदा निळी दिसतात. विणकराची ही लहर असावी, असं पाहणाऱ्याला वाटतं. पण विणली तेव्हा ती पानं हिरवी होती. वोड या वनस्पतीच्या निळ्यावर वेल्ड या रोपाचा पिवळा चढवून तो हिरवा साधलेला होता. पिवळा गेला, निळा उरला.

रंग ‘उडतो’ असं आपण म्हणतो, पण तो कुठे जात नाही. धाग्यात बसल्याजागी त्याचा रेणू मोडतो, बहुधा ऑक्सिडेशनने. वेल्डमधलं ल्युटिओलिन आणि कांद्याच्या सालीतलं क्वेर्सेटिन ही फ्लेव्होनॉइड कुळातली रंगद्रव्यं. (हळद पिवळी असली तरी तिचं कर्क्युमिन या कुळातलं नव्हे.) ही द्रव्यं अँटिऑक्सिडंट, मग त्यांचं ऑक्सिडेशन कसं होईल, असं पुष्कळांना वाटतं. खरं तर नेमकं उलट आहे. अँटिऑक्सिडंट म्हणजे जे स्वतः चटकन इलेक्ट्रॉन देऊन टाकतं, म्हणजेच ज्याचं स्वतःचंच आधी ऑक्सिडेशन होतं ते.

किती चटकन, हे इलेक्ट्रोडवर मोजता येतं. द्रावणात कार्बनचा इलेक्ट्रोड बुडवायचा, व्होल्टेज हळूहळू चढवायचं आणि वीजप्रवाह कुठे उसळतो ते पाहायचं. अशाच तऱ्हेच्या मोजणीसाठी, म्हणजे पोलरोग्राफीसाठी, 1959 चं नोबेल मिळवलेल्या यारोस्लाव हेयरोव्स्की यांच्या नावाच्या प्रागमधल्या संस्थेत क्वेर्सेटिनचा असा अभ्यास झाला आहे. रेणूच्या एका कड्यावर शेजारीशेजारी दोन हायड्रॉक्सिल गट असतात. पहिला घाव तिथे बसतो: दोन इलेक्ट्रॉन आणि दोन प्रोटॉन सुटतात, क्विनोन बनतो. इथवर व्होल्टेज उलट फिरवलं तर मूळ रेणू परत मिळू शकतो. पण क्वेर्सेटिनच्या मधल्या कड्यावर आणखी एक हायड्रॉक्सिल आहे. त्याच्यामुळे क्विनोनवर पाण्याचा रेणू चढतो, कडं आक्रसतं आणि परतीची वाट बंद होते. ल्युटिओलिनमध्ये तो गटच नाही. उन्हातही वेल्डचा पिवळा कांद्याच्या पिवळ्यापेक्षा चिवट ठरतो, हे मला फार बोलकं वाटतं.

अर्थात इलेक्ट्रोड म्हणजे ऊन नव्हे. उजेडात फोटॉन, हवा, ओलावा आणि धागा असे सगळेच हात लावतात, म्हणून व्होल्टवरून कापडाचं आयुष्य वर्षांत सांगता येत नाही. संग्रहालयं नाजूक कापडांवरचा उजेड साधारण 50 लक्सवर ठेवतात ते म्हणूनच.

तुरटीबद्दलही गल्लत होते. तुरटीतलं ॲल्युमिनियम रंगाला धाग्याशी बांधतं, त्यामुळे धुलाईत तो टिकतो. उन्हाचं संरक्षण ही वेगळी गोष्ट आहे. त्या बाबतीत लोह किंवा तांब्याचे क्षार बहुधा तुरटीपेक्षा सरस, पण ते पिवळ्याची छटा काळपट-हिरवट करतात. रंगाऱ्याला हा सौदा करावाच लागतो.

आणि ऑक्सिडेशन म्हणजे रंगाचा नाशच, असंही नाही. पतंग या झाडाच्या लाकडातलं ब्राझिलिन फ्लेव्होनॉइडांचं जवळचं नातलग, आणि जवळजवळ बिनरंगी. हवा लागली की त्याचं ब्राझिलेइन होतं, आणि फिकट लाकूड तांबडं होत जातं.