चुकलेले उत्तर आणि गणिताचे सॉफ्टवेअर

पाचवी-सहावीतल्या मुलासाठी गणिताचे सॉफ्टवेअर घ्यावयाचे म्हटले की पालक प्रथम चित्रे आणि बक्षिसाचे तारे पाहतात. आम्ही एवढेच पाहतो की, मुलाचे उत्तर चुकले म्हणजे ते काय करते? १/२ अधिक १/३ यांची बेरीज मुलाने २/५ अशी केली, तर तांबडी फुली दाखवून पुढचे उदाहरण देणारी सॉफ्टवेअरे पुष्कळ आहेत. बेरीज पहिल्या अर्ध्याहूनही कमी भरली, हे मुलाच्या ध्यानी येतच नाही!

अमेरिकेत १९६७ साली सीमोर पॅपर्ट व त्यांचे सहकारी यांनी 'लोगो' ही संगणकभाषा तयार केली. पुढे तीत कासव आले. त्याला आज्ञा द्यावयाच्या व ते रेघा काढीत चालते. समभुज त्रिकोणाचा कोन ६० अंशांचा, हे पाठ असल्यामुळे मूल कासवाला ६० अंश वळावयास सांगते. तीन बाजू होतात, पण आकृती मिटत नाही. अर्धा षट्कोन उघडा राहतो. येथे फुली कोणी मारीत नाही. मूल उठून स्वतःच जमिनीवर चालून पाहते, आणि वळण १२० अंशांचे हवे हे त्याला उमगते.

तेव्हा विकत घेण्यापूर्वी पालकांनी स्वतः बसून दोन-चार उत्तरे मुद्दाम चुकवून पाहावीत.