एका अक्षराची चूक, पिढ्यांचा वारसा

आई-वडील दोघेही धडधाकट. घराण्यात कुणाला असा आजार झाल्याचे ऐकिवात नाही. तरीही मूल काही महिन्यांचे होताच त्याचे हातपाय सुजू लागतात, ते फिकट पडते, वेदनांनी कळवळते. रक्ततपासणीत सिकलसेलचे निदान होते आणि घरात पहिला प्रश्न उभा राहतो, तो ‘दोष कुणाचा?’ हा. बहुतेकदा तो आईच्या माथी मारला जातो. आनुवंशिकतेचे शास्त्र मात्र वेगळेच उत्तर देते.

मानवी पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. प्रत्येक जोडीतील एक गुणसूत्र आईकडून, तर दुसरे वडिलांकडून येते. या गुणसूत्रांतील डीएनएवर चार रासायनिक अक्षरांच्या लिपीत शरीराची घडण लिहिलेली असते. एका संचात अशी सुमारे ३०० कोटी अक्षरे असतात. कोणते प्रथिन कसे तयार करायचे, हे सांगणारा या मजकुरातील भाग म्हणजे जनुक. पेशीचे विभाजन होताना या मजकुराची नक्कल केली जाते. नकलेत क्वचित एखादे अक्षर बदलते, गळते वा जादा पडते. हेच उत्परिवर्तन, म्हणजे म्युटेशन. बहुतेक उत्परिवर्तने निरुपद्रवी असतात. मात्र, स्त्रीबीज किंवा शुक्राणूतून पुढे गेलेला एखादा बदल महत्त्वाचे प्रथिनच बिघडवणारा असेल, तर आनुवंशिक आजार उद्भवतो.

सिकलसेलमध्ये हा बदल अवघ्या एका अक्षराचा असतो. अकराव्या गुणसूत्रावरील एका जनुकात ‘ए’च्या जागी ‘टी’ येतो. परिणामी, हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतील १४६ अमिनो आम्लांपैकी सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसते. असे हिमोग्लोबिन प्राणवायू सोडताच एकमेकांना चिकटून लांब तंतू बनवते आणि गोल, लवचीक तांबडी पेशी विळ्यासारखी वाकडी व ताठर होते. अशा पेशी सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात आणि तीव्र वेदना होतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते; ही मात्र १० ते २० दिवसांतच नष्ट होते. त्यामुळे रक्तक्षय पाठ सोडत नाही.

या विळ्याच्या आकाराच्या पेशींची पहिली नोंद शिकागोचे डॉ. जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये प्रसिद्ध केली. मूळ बिघाड हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे, हे लायनस पाउलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये दाखवून दिले.

आता प्रश्न वारशाचा. हे जनुक आई व वडील अशा दोघांकडून आले, तरच मूल सिकलसेलग्रस्त होते. एकाकडूनच आले तर ते ‘वाहक’ ठरते आणि वाहक सहसा निरोगी आयुष्य जगतो. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि पूर्णतः निर्दोष असण्याची २५ टक्के असते. एक मूल आजारी निघाले म्हणून पुढची तीन सुरक्षित, असे मात्र नाही. प्रत्येक वेळी गणित नव्याने मांडले जाते. वारसा दोघांचा असल्याने केवळ आईला बोल लावण्यात कोणताही अर्थ नाही.

इतके घातक जनुक टिकले कसे? त्याचे उत्तर मलेरियात आहे. वाहकांना तीव्र मलेरियापासून बऱ्याच अंशी संरक्षण मिळते, हे अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतील अभ्यासातून मांडले. म्हणूनच हिवतापाचा दीर्घकाळ प्रादुर्भाव असलेल्या प्रदेशांत हे जनुक अधिक आढळते. महाराष्ट्रात विदर्भ व नंदुरबारच्या सातपुडा परिसरातील अनेक समाजांत ते दिसते.

केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली असून, त्यासाठी २०४७ चे उद्दिष्ट ठेवले आहे. हायड्रॉक्सियुरिया या औषधाने अनेक रुग्णांच्या वेदनांची वारंवारता कमी होते. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन व अमेरिकेने जनुक-संपादनावर आधारित उपचारालाही मान्यता दिली. नवजात बाळाला पहिले काही महिने तारणारे गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन या उपचाराने पुन्हा तयार होऊ लागते. मात्र, तो अत्यंत महागडा आहे.

म्हणूनच विवाहापूर्वीची साधी रक्ततपासणी आजही सर्वांत हाताशी असलेला उपाय ठरते. वाहक असणे हा आजार नव्हे आणि कलंक तर नव्हेच. तपासणीचा अहवाल स्थळ नाकारण्यासाठी नव्हे, तर दोघांनी मिळून समुपदेशकाचा सल्ला घेऊन निर्णय करण्यासाठी असतो. मुलीचा अहवाल मागणाऱ्या घराने मुलाचीही तपासणी करून घेतली, तरच हे गणित पूर्ण होईल.