दांड्यासाठी जवसतेल आणि मेण

कुदळ, कुऱ्हाड यांच्या लाकडी दांड्यांसाठी जवसाचे तेल उपयुक्त ठरते, कारण ते ‘सुकणारे’ तेल आहे, म्हणजे हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन त्याचे रेणू परस्परांशी जोडले जातात आणि लाकडाच्या रंध्रांत टणक होतात. शेंगदाण्याचे तेल असे सुकत नाही, उलट दांडा बुळबुळीत करते. घरगुती लेपासाठी वजनाने १ भाग मधमाशांचे मेण व ४ भाग जवसतेल भांड्यात घेऊन, ते भांडे गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून, मेण विरघळेपर्यंत (सुमारे ६५ अंश सेल्सिअस) तापवावे. थेट आचेवर कधीही ठेवू नये. जुने व्हार्निश खरवडून, पॉलिशपेपरने घासलेल्या दांड्यावर हा लेप कोमट असताना चोळावा आणि अर्ध्या तासाने उरलेला पुसून काढावा, अन्यथा पृष्ठभाग चिकट राहतो. दांड्याच्या टोकाशी लाकडाच्या नलिका उघड्या असल्याने पाणी तेथूनच सर्वाधिक शिरते. तेथे दोन-तीन हात द्यावेत, हे बहुधा विसरले जाते. कच्चे, म्हणजे न उकळलेले, जवसतेल सुकायला आठवडाही लागतो. तेलाने माखलेली फडकी चुरगाळून ठेवल्यास सुकताना निर्माण होणाऱ्या उष्णतेने आपोआप पेटू शकतात, म्हणून ती मोकळ्या हवेत पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत.